माझ्या टेबलावर न आलेला कॅमेरा

कॅमेरा कुठला घेऊ, असं विचारायला येणाऱ्याला मी आधी विचारतो, बाबा, तू ऐकणार आहेस का? लोक हसतात. ऐकायचं म्हणून तर आलो, म्हणतात. मग अर्धा तास माझं डोकं खातात, माझाच चहा पितात आणि जाऊन तोमारा कंपनीचा घेतात. सत्तावीस वर्षांत मी निदान पाचशे जणांना सल्ला दिला असेल. तो अक्षरशः मानणारं एकच माणूस निघालं, माझी भाची दीपमाला. तिचं वाटोळं झालं.

मी जीवन. नाशकात एम. जी. रोडला एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात माझं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. रिळाचे कॅमेरे होते तेव्हा सुरू केलं. मग डिजिटल आले, मग मोबाइल आले, आणि लोक म्हणाले, आता जीवनभाऊ संपला. नाही संपलो. लग्नं होतायत तोवर कॅमेरे आहेत, आणि कॅमेरे आहेत तोवर ते पडणार, भिजणार, हळदीत लडबडणार. देवळाली कॅम्पातले फौजी येतात, दिंडोरीकडची बागायतदारांची हौशी पोरं येतात, पण माझं खरं गिऱ्हाईक लग्नवालं.

माझी एक खोड आधी सांगून टाकतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. सराफाकडून दरवर्षी एका बाजूला छापलेलं मोठं कॅलेंडर मिळतं. त्याच्या कोऱ्या पाठीवर मी कंपन्यांचे रकाने आखायचो. कॅमेरा दुरुस्तीला आला की त्या कंपनीखाली एक रेघ. तोमाराच्या रेघा वर्षाला शंभराच्या वर जायच्या. सेनिकच्या चाळीसेक. आणि शेवटचा रकाना क्रोनेलचा. त्यात काहीच नाही. सहा वर्षांची सहा कॅलेंडरं, क्रोनेलखाली एक रेघ नाही. कुणी विचारलं की मी कॅलेंडर उलटं करून त्याच्या तोंडापुढं धरायचो. इंटरनेटवर बोलणारे पैसे घेऊन बोलतात, दुकानदार त्याला जे खपवायचंय तेच सांगतो. माझी रेघ कुणाकडून पैसे घेत नाही, असं म्हणायचो. फार मजा यायची म्हणायला.

दीपमाला माझ्या धाकट्या बहिणीची, मनीषाची मुलगी. त्यांचं मखमलाबादला गुलाब आणि झेंडू. गोटीरामदाजी, म्हणजे तिचे वडील, पहाटे फुलं तोडून गणेशवाडीच्या बाजारात नेतात, आणि त्यांच्या आजोबांपासून हेच चाललंय. पोरीनं मात्र कॉलेज करता करता हातात कॅमेरा घेतला. सहादू म्हणून माझ्याकडे येणारा जुना लग्नाचा फोटोग्राफर आहे, त्याच्याबरोबर दोन वर्षं दुसरा कॅमेरा म्हणून फिरली. उधारीचा कॅमेरा, सहादूचाच. पण डोळा तिचा.

एक फोटो सांगतो. आडगावच्या एका लग्नात पाठवणी झाली, नवरी गाडीत बसली, सगळे फोटोवाले गाडीमागं पळाले. ही मांडवाच्या मागं गेली. तिथं नवरीचा बाप जेवणाच्या रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला, मंडपवाल्याची माणसं होती तिथं. पण त्याला हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. तो फोटो बघून सहादू मला म्हणाला, "जीवनभाऊ, तीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात. मी गाडीमागंच पळालो असतो."

दाजी माणूस वाईट नाही, हे मी देवासमोर सांगेन. पण चोविसावं लागलं होतं तिला, आणि भावकीत विचारणा सुरू झाली होती. दिवाळीत पाडव्याला मी जेवायला गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोरच त्यांनी सांगितलं. "तुळशीच्या लग्नापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत एक सीझन तुझा. स्वतःच्या नावानं काम घे. उभी राहिलीस तर मी लग्नाचं नाव काढणार नाही, तुला वाटेल तेव्हा कर. नाही राहिलीस तर मी म्हणेन तिथं."

"कबूल, आप्पा," दीपमाला म्हणाली. एवढी खूश झाली की बासुंदीची वाटी तशीच ठेवून उठली.

दुसऱ्याच आठवड्यात ती दुकानात आली. दोन वर्षांत साठवलेलं सगळं घेऊन एकच कॅमेरा आणि दोन लेन्स घ्यायच्या होत्या. तिच्या हातात वही होती. तीस-पस्तीस फोटोग्राफरांना तिनं विचारलं होतं, कुठली कंपनी, किती वर्षं वापरताय, कितीदा बिघडला, बिघडल्यावर कितव्या दिवशी हातात आला. सगळं तोमाराकडं झुकत होतं.

मी वही बाजूला सारली. "अगं, ह्यांना काय विचारतेस? ह्यांचेच कॅमेरे माझ्या टेबलावर मरून पडलेले असतात. हे बघ." आणि काढलं कॅलेंडर.

तिनं सगळी कॅलेंडरं नीट बघितली. मग मान वर करून म्हणाली, "मामा, पण क्रोनेल नाशकात आहे कुणाकडं? मला एकपण भेटला नाही."

किती साधा प्रश्न होता. त्या वेळी मी एक मिनिट गप्प बसलो असतो, तर आज मी हे सांगत बसलो नसतो. पण मी कुठला गप्प बसणार! माझ्या दुकानात येऊन माझ्या कॅलेंडरवर शंका? मी भडकलो. म्हणालो, "सत्तावीस वर्षं मी काय माशा मारल्या का इथं? ती वही खरी का मामा खरा, तूच ठरव. आणि वहीच खरी असेल तर माझ्याकडं येऊच नको."

तिचा चेहरा पडला. तिनं वही पिशवीत टाकली. "तसं नाही हो मामा. तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

मुंबईच्या एका डीलरकडून क्रोनेल आणला. मी स्वतः गेलो होतो बरोबर. येताना कसाऱ्याच्या घाटात तिनं खोका मांडीवर उघडला आणि बाहेरच्या डोंगरांचे फोटो काढत राहिली. मला वाटलं, आपण पोरीचं आयुष्य मार्गी लावलं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. नऊ लग्नं झाली. रंग असे यायचे की हळद हळदीसारखी दिसायची, उगाच केशरी नाही. बायका तिच्यासमोर मोकळ्या व्हायच्या, नवरीच्या खोलीत तिला कुणी बाहेर काढायचं नाही. पुढची अकरा लग्नं ठरलेली होती. ती एकदा म्हणाली, "मामा, जोडीला दुसरा एक कॅमेरा भाड्यानं ठेवू का? सहादूकाका कायम दोन ठेवतात." मी म्हणालो, "सहादूकडं तोमारा आहे, म्हणून दोन लागतात." आणि आपल्याच बोलण्यावर हसलो. आणि तसंही, क्रोनेल भाड्यानं देणारा नाशकात कुणी नव्हता. तोमारा भाड्यानं घेतला असता तर तिच्या लेन्स त्याला बसत नव्हत्या.

फेब्रुवारीत दिंडोरी रोडच्या एका लॉनवर मोठं लग्न होतं. दुपारचा मुहूर्त. मी दुकानात होतो, मोबाइल वाजला. दीपमाला. आवाज ओळखू येईना.

"मामा, बंद पडला. स्क्रीन काळी झालीय. काहीच होत नाहीये."

"बॅटरी काढ. दुसरी घाल."

"घातली."

"कार्ड काढ. लेन्स काढून परत लाव."

"केलं सगळं. मामा, काहीच होत नाही, मामा..."

तिच्यामागं माईकवर शेवटचं मंगलाष्टक चाललेलं मला ऐकू येत होतं. सावधान झालं, बँड वाजला, लोक ओरडले. अंतरपाट पडला असणार, आणि ते बघायला माझ्या भाचीकडं एक मेलेला डबा होता. मी फोनवर तिला बटणं सांगत राहिलो. ती रडत नव्हती. बँड थांबल्यावर म्हणाली, "झालं, मामा. झालं लग्न." आणि फोन ठेवला.

पुढचं सगळं तिनं मोबाइलवर काढलं. नवरीची आई, मंगलाबाई त्यांचं नाव, दिवसभर पाहुण्यांत होत्या. संध्याकाळी ती निघताना म्हणाल्या, "पोरी, तुझा दोष नाही. पण ऐन अक्षता पडायच्या वेळी कॅमेरा बंद पडावा, हे काही बरं लक्षण नाही." तेवढंच. तेवढंच पुरलं. लग्नाला आलेल्या बायकांत, दीपमालानं घेतलेल्या पुढच्या लग्नांतल्या चार नवऱ्या मुलींच्या आया होत्या.

दुसऱ्या दिवशी क्रोनेल माझ्या टेबलावर आला. पहिल्यांदा. मी उघडायला बसलो. आत सगळं निराळं. स्क्रू निराळे, पट्ट्या चिकटवलेल्या, मुख्य बोर्ड आणि शटर एकमेकांत असे गुंतवलेले की एक काढलं की दुसरं तुटावं. बोर्ड जळालेला. माझ्या मागं एक कपाट आहे, त्यात मी मेलेले कॅमेरे ठेवतो. आम्ही त्यांना मढी म्हणतो. एखादा कॅमेरा आला की मढ्यातला भाग काढून त्यात घालायचा. तोमाराची साठ-सत्तर मढी असतील. त्यामुळं सकाळी आलेला तोमारा मी दुपारी उभा करतो, संध्याकाळी तो लग्नात असतो. त्या कपाटापुढं मी कितीतरी वेळ उभा राहिलो. क्रोनेलचं एक मढं नव्हतं. कुठून असणार?

डीलरनं फोन उचलला नाही. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की सिंगापूरला पाठवा, अकरा आठवडे लागतील. मी मोजून पाहिलं, अक्षय्य तृतीया निघून जात होती.

सहादू आला तेव्हा मी तसाच बसलो होतो. त्यानं सगळं ऐकलं, कॅलेंडर हातात घेतलं आणि बघून परत ठेवलं.

"जीवनभाऊ, रागावू नको. नाशिक जिल्ह्यात तोमारा किती असतील? दोन हजार? त्यातले शंभर तुझ्याकडं येतात. क्रोनेल किती असतील?"

मी क्रोनेलचे स्क्रू डबीत गोळा करायला लागलो.

"आपल्या गल्लीत हत्तीच्या पायाखाली कुणी मेलं नाही, म्हणून काय दारात हत्ती बांधायचा?"

मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. स्वतःची धरता येत नव्हती म्हणून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं. आणि ही गोष्ट पोरीनं मला याच टेबलासमोर उभं राहून विचारली होती. तिच्या वहीत पस्तीस जिवंत कॅमेरे होते, माझ्या कॅलेंडरवर नुसते मेलेले. मी तिला गप्प केलं.

सहादूनं त्याचा जुना तोमारा दिला, लेन्ससकट. लगेच दिला, उपकाराचा शब्द न काढता. चार दिवसांनी गंगापूर रोडला तिचं पुढचं लग्न होतं. मी म्हणालो, मी सोडतो. स्कूटरवर मागं बसून तिनं कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरली होती. वाटेत दोनदा म्हणाली, "ह्याचं बटण डावीकडं आहे ना मामा? डावीकडं."

लॉनच्या गेटपाशी दुसऱ्या फोटोग्राफरची गाडी उभी होती. त्याची पोरं स्टँड उतरवत होती. नवरीचा भाऊ लगबगीनं आला. "ताई, आम्ही तुम्हाला फोन करणारच होतो. आमच्या आजीनं ऐकलं काहीतरी, ती हटूनच बसली. तुम्ही समजून घ्या. जेवून जा मात्र."

दीपमाला म्हणाली, "हो हो, काही नाही." तिनं त्याला हसून नमस्कार केला, नवरीला माझ्या शुभेच्छा सांगा म्हणाली. मग येऊन स्कूटरवर बसली. घरी पोहोचेपर्यंत मला मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. पुढच्या दोन आठवड्यांत उरलेल्या दहातली आठ लग्नं गेली. कुणी फोन करून सांगितलं, कुणी तेवढीही तसदी घेतली नाही. राहिलेली दोन सहादूच्या ओळखीतली. ती तिनं केली, फोटो चांगले आले, आणि कुणी विचारलं नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आधी मी दाजींकडं गेलो. शेतात ते झेंडूला पाणी धरत होते. मी बांधावरच उभा राहून सांगितलं, "दाजी, चूक माझी आहे. कॅमेरा मी सांगितला. तिनं बरोबर निवडला होता, मी फिरवलं. तिला अजून एक सीझन द्या."

ते पाण्यातून बाहेर आले. "जीवनराव, मी शब्द दिला होता का नाही? तिनं दिला होता का नाही?"

"दिला होता."

"मग? मी माळी माणूस. फूल तोडलं की त्याला दुसरा दिवस नसतो. पोरीच्या वयाचं पण तसंच असतं, तुम्हाला वाईट वाटो का चांगलं." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कॅमेरा तुमचा, नशीब तिचं."

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरात शिरलो तर मनीषा ओट्यापाशी उभी होती. "दादा, चहा ठेवू?" म्हणाली आणि ठेवलाच नाही, तशीच उभी राहिली. दीपमाला आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

स्थळ पंधरा दिवसांत आलं. मुलगा नामपूरचा, रोहित नाव, घरचा कांद्याचा व्यापार. एका मध्यस्थाकडून आलेलं. मुलाकडची माणसं येऊन बघून गेली, दीपमाला आणि तो वीस मिनिटं अंगणात बोलले. ती आत आली तेव्हा मनीषानं विचारलं, कसा वाटला? "बरा आहे," ती म्हणाली. "तुम्ही ठरवा."

आमच्याकडं सोयरीक ठरवायच्या आधी मुलाच्या गावात जाऊन चौकशी करायची असते, आणि ती मामानं करायची. दाजी म्हणाले, "जीवनराव, तुम्ही जाऊन या. तुमच्या शब्दावर पुढचं." माझ्या शब्दावर! एवढं होऊनही त्या माणसानं मला हे काम दिलं, आणि मला रडू येईल की काय असं झालं. वाटलं, देवानं एक संधी दिली. हे तरी नीट करू.

सटाण्याला बस बदलून नामपूरला उतरलो. कांद्याच्या लिलावाचा दिवस होता. बाजारात ट्रॅक्टरांची रांग, धुळीनं डोळे उघडेनात. मी एका चहावाल्याला विचारलं. एका किराणा दुकानात विचारलं. वजन करणाऱ्या एका मापाड्याला बाजूला घेऊन विचारलं, घर कसं आहे, मुलगा कसा आहे, दारूबिरू, मारझोड, काही?

"वाईट काई ऐकेल नही भाऊ," तिघंही हेच म्हणाले, त्या भागातल्या अहिराणीत. वाईट काही ऐकलेलं नाही.

मला त्या शब्दांनी इतकं बरं वाटलं की मी चहावाल्याकडं परत जाऊन आणखी एक कप घेतला. दुपारच्या बसनं परत निघालो आणि रात्री जेवायच्या आत मखमलाबादला पोहोचून सांगितलं, दाजी, गावात त्यांच्याविरुद्ध एक शब्द नाही. दाजींनी हात जोडले. मनीषानं देवापुढं साखर ठेवली.

मे महिन्यात मखमलाबाद रोडच्या एका लॉनवर लग्न ठेवलं. संध्याकाळी सहा पस्तीसचा मुहूर्त. फोटोला दाजींनी सहादूलाच सांगितलं. सिंगापूरहून क्रोनेल दुरुस्त होऊन आठ दिवसांपूर्वी आला होता. दीपमालानं खोका उघडलासुद्धा नाही. मनीषा म्हणाली, बरोबर ने, तिकडं हौसेनं काढशील. ती म्हणाली, "तिकडं कशाला?"

मुहूर्ताला दहा मिनिटं होती. मुलीला मांडवात आणायचं काम मामाचं असतं. मी फेटा सावरत नवरीच्या खोलीत गेलो. बायकांना तिनं बाहेर पाठवलं असावं, एकटीच होती. खुर्चीवर बसलेली, शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा. मला बघून उठली.

"चल बाळा," मी म्हणालो.

"मामा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार ना."

"नामपूरला तुम्ही कुणाकुणाला विचारलं होतं?"

मी आठवून सांगितलं. चहावाला. किराणावाला. मापाडी.

"त्यातलं कुणी कधी त्यांच्या घरी गेलेलं होतं?"

मला तो चहावाला दिसला. दुसरा कप देताना तो आणखी काहीतरी बोलला होता. दोनच वर्षं झाली त्यांना इथं येऊन, असं काहीतरी. बाहेरून आलेले, मळ्यात राहतात, गावात कुणाकडं जात नाहीत, कुणाला बोलावत नाहीत. मी ते ऐकलं होतं. मान पण हलवली होती. आणि बशीत चहा ओतून पिऊन टाकला होता.

अरे देवा, मी परत तेच केलं. परत तेच.

"मामा?"

खोटं बोलता आलं असतं. चिडताही आलं असतं, लग्नाच्या वेळी कसले हे प्रश्न, म्हणून. मागच्या वेळी चिडलोच होतो.

"नाही," मी म्हणालो. "कुणीच गेलेलं नव्हतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. त्या दिवशी कॅलेंडर बघितलं होतं तसं, शेवटपर्यंत नीट.

"दीपा, मी दाजींना सांगतो. थांबवू आपण. मी थांबवतो." खरं तर मी हे म्हणत होतो तेव्हाही दारातून मला मांडव दिसत होता. पाचशे माणसं अक्षता मुठीत घेऊन उभी होती. दाजी नव्या टोपीत, हात जोडून सगळ्यांना बसा बसा म्हणत होते.

"आत्ता?" ती म्हणाली.

मी पुन्हा फेटा सावरला.

माईकवर गुरुजींचा आवाज आला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. वेळ झाली आहे."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मुंडावळी सरळ केली आणि हात पुढं केला.

"चला मामा," ती म्हणाली. "आप्पा वाट बघतायत."

मी तिचा हात धरला आणि तिला मांडवात नेलं.